हृदयालेख एक, वेतने अनेक

ईसीजी काढणारा तंत्रज्ञ मुंबईत असो वा बोईसर-तारापूरच्या कारखानी पट्ट्यात, यंत्र तेच आणि जबाबदारीही तीच. वेतन मात्र मालक पाहून ठरते : कायम सरकारी सेवकाला वेतनश्रेणी व महागाई भत्ता, कंत्राटी सेवकाला ठोक मानधन, खासगी इस्पितळात मालक देईल ते. समान कामाला समान वेतन हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली तात्पुरत्या सरकारी सेवकांनाही लागू केले. २०२१च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायांच्या शिक्षणाला व नोंदणीला शिस्त लावली. वेतनाला स्पर्श केला नाही. तुटपुंज्या पगारावर कुशल माणूस टिकत नाही. तो लोकल धरून मुंबईला जातो, आणि वैतरणाकाठच्या रुग्णालाही मग मुंबईच गाठावी लागते. म्हणून तंत्रज्ञाच्या वेतनाचा प्रश्न हा रुग्णाच्या हक्काचाही प्रश्न आहे. कार्यकर्त्यांनी तो तसाच मांडला पाहिजे.