परक्या गावचे रिंगण

घरात वाघ आणि बाहेर शेळी, असे आपण एखाद्याविषयी सहज बोलून जातो. यात वाघाची बदनामी अधिक की शेळीची, हा वेगळा वाद आहे; पण उंबरठा ओलांडताच वाघाची शेळी का व्हावी, याचा विचार आपण फारसा करीत नाही. ज्यांना तो पोटापाण्यासाठी करावा लागतो, त्यांत मुष्टियोद्धे पहिले.

मराठीचा प्राध्यापक आणि मुष्टियुद्ध यांचा संबंध काय, असे वाचक विचारतील. माझ्या तासाला शेवटच्या बाकावर बसणारा घाटकोपरचा एक विद्यार्थी मुष्टियोद्धा आहे, एवढाच संबंध. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे जेवढ्या गैरहजेऱ्या आहेत, तेवढी पदके त्याच्या घरी असावीत. गेल्या वर्षी तो परगावच्या स्पर्धेत हरून आला. मी म्हटले, "अरे, इथे तर तू सगळ्यांना लोळवतोस. तिकडे काय झालं?"

तो म्हणाला, "सर, इथं माझा ठोसा लागला की पोरं ओरडतात. तिकडं लागला की सगळं गप्प. मग मलाच वाटतं, लागलाच नाही. आणि समोरच्याचा नुसता माझ्या हाताला घासून गेला तरी छप्पर उडतं!"

साहित्यशास्त्राच्या पेपरात त्याला बेताचेच गुण मिळतात, पण रसिकाच्या प्रतिसादावर इतके नेमके बोललेले मी पुष्कळ विद्वानांकडूनही ऐकलेले नाही. कारण मुष्टियुद्धात हा आरडाओरडा नुसती शोभा नसते. धंदेवाईक लढतीत रिंगणाच्या कडेला तीन पंच बसतात. प्रत्येक फेरीत जो सरस वाटेल त्याला ते १० गुण देतात, दुसऱ्याला बहुधा ९. कोणी खाली पडला तर त्याचा आणखी एक जातो. फेरी तीन मिनिटांची. तेवढ्यात दोन माणसांच्या चार मुठी किती वेळा हलतात याचा हिशेब डोळ्यांनी ठेवायचा असतो, पण पंचांच्या कानात कोणी बोळे घातलेले नसतात. हजारो माणसे एकदम ओरडली की काहीतरी मोठे घडले असे कोणालाही वाटावे.

१९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा रॉय जोन्स आणि कोरियाचा पार्क सी-हुन अंतिम फेरीत समोरासमोर आले. मागाहून झालेल्या मोजणीत जोन्सचे ८६ ठोसे लागले होते, पार्कचे ३२. पाच पंचांपैकी तिघांनी पार्कला विजयी ठरविले! गंमत म्हणजे त्याच स्पर्धेतला सर्वोत्तम मुष्टियोद्धा म्हणून जोन्सचाच गौरव झाला. आपल्या सरिता देवीला २०१४ साली असाच अनुभव आला, तोही कोरियातच. इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत उपान्त्य फेरीत यजमान देशाच्या मुलीविरुद्ध निकाल गेला, तेव्हा सरिताने पदक-समारंभात आपले कांस्यपदक त्या मुलीच्याच गळ्यात घातले. शिस्तभंग झाला खरा, आणि तिला वर्षभराची बंदीही भोगावी लागली. पण ते अश्रू ज्यांनी पडद्यावर पाहिले, त्यांना नियमावली वाचून दाखविण्याचा धीर कोणाला झाला नसता.

हे सारे मी घरी रंगवून सांगत होतो, तेव्हा आमच्या सौभाग्यवती भाजणी मळता मळता म्हणाल्या, "त्यात काय एवढं? आम्ही बायका माप ओलांडतो तेव्हापासून परक्या रिंगणातच असतो. आणि पंच कोण? सासूबाई!" आतल्या खोलीतून आईचा खोकला ऐकू आला, म्हणून तो विषय तेथेच थांबला.

आमच्या कुस्तीचे याबाबतीत बरे. दोन्ही खांदे मातीला टेकले की निकाल साऱ्या मैदानाला दिसतो. तेथे ओरडून कोणाची पाठ मातीवरून उचलता येत नाही. शाहू महाराजांच्या आश्रयाला पंजाबचे मल्ल कोल्हापुरात येऊन राहिले आणि इकडचे मल्ल उत्तरेत जाऊन लढले, त्यामागे चीतपटीवरचा हा विश्वासही असावा. एकसंब्याच्या श्रीपती खंचनाळ्यांनी १९५९ साली पहिल्या हिंदकेसरीची गदा आणली ती दिल्लीहून, आणि हरविले ते पंजाबच्या बंता सिंगला.

पण कुस्ती मातीतून गादीवर गेली, गुणांची झाली, आणि परकेपण तिच्याही वाट्याला आले. १९५२ साली कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीला गेले. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून त्यांच्यासाठी सात हजार रुपये उभे केले होते. (आमच्या पेशातल्या माणसाने हे केले, हे लिहिताना हात जरा ताठ होतो. आज विद्यार्थ्याच्या रजेच्या अर्जावर सही मिळवायला तीन खेपा पडतात.) तेथे जपानच्या इशीबरोबरची दमछाक करणारी कुस्ती खाशाबा गुणांवर हरले. ती संपते न संपते तोच रशियाच्या मल्लाशी लढायला त्यांना पुन्हा गादीवर बोलावण्यात आले. मधे अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता. पण तो नियम बोलून दाखवायला त्या घटकेला भारताचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा लढले, हरले आणि कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परक्या गावी विरोधात ओरडणारे पुष्कळ असतात, हे सोसता येते. आपल्या बाजूने एक वाक्य बोलणारा नसतो, हे सोसणे कठीण.

आता आपल्या मुंबईचे. ५ ऑगस्ट २०१७ रोजी वरळीला विजेंदर सिंग आणि चीनचा झुल्पिकार मैमैतियाली यांची दहा फेऱ्यांची लढत झाली. विजेंदरने स्वतः परक्या रिंगणात कमी दिवस काढले नव्हते. २००८ चे कांस्यपदक त्याने बीजिंगलाच मिळविले आणि धंदेवाईक झाल्यावर पहिली लढत दिली ती २०१५ साली मँचेस्टरला. पण त्या रात्री घर त्याचे होते. डोकलामच्या पठारावर दोन्ही देशांचे सैनिक समोरासमोर उभे होते, आणि तेविशीतला एक चिनी पोरगा स्वतःचा किताब पणाला लावून आपल्या शहरात उभा राहिला. दूरचित्रवाणीसमोर आमच्या इमारतीतली दहा-बारा माणसे जमली होती. विजेंदरच्या ठोशाला पोरे सोफ्यावर उड्या मारीत; झुल्पिकारच्या ठोशाला सारे गप्प. माझा विद्यार्थी म्हणतो ती शांतता आमच्याच दिवाणखान्यात होती, हे मला आता उमगते.

निकाल लागला तो ९६-९३, ९५-९४, ९५-९४. म्हणजे दोन पंचांच्या कागदावर अंतर अवघ्या एका गुणाचे. निकाल चुकीचा होता असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण हीच लढत शांघायला झाली असती, तर तो एक गुण कुठल्या बाजूला पडला असता? विजेंदरच्या मनात काय होते कोण जाणे. जिंकल्यावर त्याने झुल्पिकारचा किताब परत द्यायची तयारी दाखविली, सीमेवर शांतता नांदावी म्हणून. त्या रात्रीचा मला सर्वांत आवडलेला ठोसा तोच.

असे पाहुणे मात्र विरळा. या धंद्यात तिकिटे विकली जातात ती घरच्या मल्लाच्या नावावर, आणि पाहुणा पुष्कळदा हरण्यासाठीच आणलेला असतो. विजेता घर सोडीत नाही, कारण पैसा आणि पंच दोन्ही घरी. ज्याला परगावी जिंकायचे आहे त्याने पंचांना कामच उरू द्यायचे नाही, हा एक मार्ग. १९ मार्च २०२१ रोजी पणजीला, एका कॅसिनो-जहाजाच्या छतावर, रशियाच्या आर्तीश लोप्सानने तो पत्करला. तोवर धंदेवाईक लढतींत बारा वेळा अजिंक्य राहिलेल्या विजेंदरला त्याने पाचव्या फेरीत खाली घातले. गुणांचे कागद कोणाला पाहावेच लागले नाहीत.

दुसरा मार्ग फार लांबचा आहे. सोलला घरच्या गर्दीत जिंकलेल्या त्या पार्कला त्या सुवर्णपदकाचा आनंद कधी झालाच नाही. २०२३ साली तो अमेरिकेत फ्लोरिडाला, रॉय जोन्सच्या गावी गेला आणि ते पदक त्याने जोन्सच्या हातात ठेवले. मधे पस्तीस वर्षे गेली होती.