देऱ्याहून : भाजणीचं प्रमाण आणि गाडीचा मेंदू



देऱ्यात सिग्नलला टॅक्सी थांबली की एकदम गप्प होते आणि गावाकडून आलेले पाहुणे हमखास विचारतात, "बंद पडली का हो?" पडलेली नसते, ती हायब्रिड असते. दुबईत अशा टॅक्सींची चाचणी २००८ मध्ये सुरू झाली. आता आपल्याला त्यांचं काही वाटत नाही.

यंदाचा विषय मात्र भाच्याने दिला. तो इचलकरंजीला, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. "मावशी, शारजाच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात प्रियसचा इन्व्हर्टर मिळेल का? आपल्या मारुतीला मोटर जोडायचीय." पाठोपाठ ताईचा फोन, "अजिबात पाठवू नकोस!" पंच मी. माझं एम.ए. मराठीतलं, पण शिक्षिकेची खोड जात नाही. आधी समजून घेतलं.

हा इन्व्हर्टर म्हणजे लाइट गेल्यावर पंखा चालवणारा नव्हे. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये बॅटरी साधारण २०० व्होल्टची. हा डबा ती वीज ५०० व्होल्टपर्यंत चढवतो आणि गाडीतल्या दोन मोटरना हवी तशी पुरवतो. वस्तू दणकट, पण ऐकते फक्त मूळ गाडीच्या संगणकाचं. गाडी भंगारात गेली की डबाही मुका. जर्मनीचे योहानेस ह्यूबनर, आयर्लंडचे डेमियन मॅग्वायर अशा मंडळींनी त्यावर तोड काढली. स्नायू तेच ठेवले, मेंदू बदलला. आतला कंट्रोल बोर्ड काढून आपला बसवला आणि त्याची रचना व प्रोग्रॅम जगाला खुला केला.

आपल्या आज्या भाजणीचं प्रमाण असंच शेजारणीला सांगायच्या. पण प्रमाण मिळालं म्हणून चकली जमत नाही, तेलाचा अंदाज हातालाच यावा लागतो. आणि इथे अंदाज चुकला तर चकली मऊ पडत नाही, जीव जातो. गाडी बंद करून बॅटरी तोडली तरी इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये काही काळ वीज साठलेली राहते. नारिंगी केबल दिसली की हात मागे, हे म्हणूनच.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. २०१० मध्ये पुण्याच्या केपीआयटीने भारत फोर्जबरोबर 'रेव्होलो' हा संच आणला होता. जुन्या पेट्रोल गाडीला मोटर आणि बॅटरी जोडून तिला हायब्रिड करणारा. बाजारात तो रुळला नाही. पुढे अशा संचांसाठी एआयएस-१२३ हे मानक आलं. मान्यतेच्या चाचण्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत होतात. घरी जोडलेली गाडी अशा मान्यतेशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. आपल्या इथेही गाडीतला असा बदल परवानगीशिवाय चालत नाही.

मग निकाल? पोराला नाही म्हणणं सोपं. पण वर्गात मी पाहिलंय, ज्या मुलाला उघडून बघू देत नाहीत, तो लपून उघडतो. लपून उघडण्यापेक्षा सरांसमोर उघडलेलं बरं. म्हणून मी तीन अटी घातल्या : डबा घरी नाही, कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जाईल, सर शेजारी असल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, आणि मोटर टेबलावरच फिरेल, मारुतीला हात लावायचा नाही.

भाच्याने पहिल्या दोन लगेच मान्य केल्या, तिसरीवर घासाघीस चालू आहे. ताईने अजून होकार दिलेला नाही. पण काल तिने सरांचा नंबर मागून घेतला.

शुभ दीपावली!