किनाऱ्याचा बांध कोणी राखावयाचा?

आम्हां बेळगाव-निपाणीकडील माणसांना समुद्र म्हणजे सुट्टीतील चार दिवसांची मौज. चोर्ला घाटाने उतरावे किंवा आजरा-आंबोलीवरून सावंतवाडीस जावे, वाळूत पाय भिजवावेत आणि परतावे. त्याच्याशी आमचा याहून अधिक संबंध नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नाही. आपल्या जिल्ह्यातील बहुतेक नद्या पूर्वेकडे वाहत कृष्णेला मिळतात. परंतु खानापूर तालुक्यातील देगावच्या रानात उगम पावणारी म्हादई पश्चिमेची वाट धरते, गोव्यात मांडवी या नावाने रुंदावते आणि पणजीपाशी समुद्रास मिळते. म्हणजे त्या खाडीत जे गोडे पाणी मिसळते, त्यातील काही आपल्या डोंगरातले असते. (या पाण्याच्या वाटणीचा राज्याराज्यांतील तंटा सर्वश्रुत आहे, त्यात शिरण्याचे हे स्थळ नव्हे.)

याच मांडवीच्या पात्रात चोडण नावाचे बेट आहे. त्याच्या एका टोकास तिवर आणि कांदळ यांचे दाट वन असून १९८८ साली त्यास डॉ. सलीम अली यांच्या नावाचे पक्षी-अभयारण्य म्हणून संरक्षण मिळाले. खाऱ्या चिखलात उभी राहणारी ही झाडे मुळांच्या जाळ्यात गाळ धरून ठेवतात, लाटांचा जोर मोडतात, आणि त्या मुळांच्या आडोशास माशांची व कोळंबीची पिले वाढतात. गोडे व खारे पाणी जेथे योग्य प्रमाणात मिसळते तेथेच ती चांगली पोसतात. तरीही ‘चिखलाची पडीक जागा’ असे म्हणून भराव घालण्यासाठी माणसाची दृष्टी प्रथम तिकडेच वळते, हे नवल.

परंतु मला सांगावयाचे आहे ते खाजनांविषयी. माझी मातृभाषा कोंकणी. तीत हा शब्द घरोघरी आहे, घाटावर मात्र तो क्वचितच कानी पडतो. खाडीकाठची सखल जमीन माती, पेंढा व जांभा दगड यांचे बांध घालून समुद्रापासून राखलेली, तिला खाजन म्हणतात. गोव्यात अशी जमीन सुमारे १८ हजार हेक्टर आहे, आणि १५१० साली पोर्तुगीज आले त्याच्या कितीतरी आधीपासून ती कसली जात आली आहे. बांधात ठिकठिकाणी लाकडी दारांची ‘मानस’ बसविलेली असते. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने दार मिटते. ओहोटी लागली की आतील पाणी ते ढकलून बाहेर पडते. यंत्र नाही, तेल नाही! पावसाळ्यात आत कोरगुट जातीचे, खारटपणा सोसणारे भात. कापणीनंतर बेताने खारे पाणी आत घेऊन मासे. बांधाच्या बाहेरच्या अंगास कांदळवन राखलेले, कारण पहिली लाट अंगावर घेणारे तेच. मानशीपाशी मासे धरण्याचा हक्क गावकरी संस्था लिलावाने देई आणि बांधाची डागडुजी होत असे. निसर्गाचे रक्षण हा शब्दप्रयोगही ठाऊक नसलेल्या लोकांनी किनारा राखला तो असा.

मग बिघडले कोठे? १९६४ च्या कूळ कायद्याने आणि त्याच्या १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्यास जमीन मिळाली. हे न्याय्यच झाले, त्याविषयी मला तिळमात्र खंत नाही. परंतु जमिनीबरोबर बांधाचे कर्तव्य कोणाकडे गेले, हे व्यवहारात अंधुकच राहिले. कुळांचे संघ कागदावर झाले. नदीतून लोहखनिज वाहणाऱ्या बार्जींच्या लाटांनी बांध झिजत राहिले. कोठे अधिक मासळीच्या लोभाने मानशीचे दार नको तेव्हा उघडले गेले. बांध फुटला, शेतात खारे पाणी शिरले, आणि काही वर्षांत तेथे कांदळ उगवले. आता ते कायद्याने संरक्षित असल्यामुळे तोडता येत नाही, आणि शेतही परत मिळत नाही. दुरून पाहणारा म्हणेल, वा! केवढी हिरवळ! मी मात्र या हिरवळीस किनाऱ्याचे आरोग्य म्हणावयास तयार नाही. बांधाबाहेर जे रक्षक, तेच बांधाच्या आत फुटक्या घराची खूण असते.

म्हणून वृक्षारोपणाच्या एका दिवसाने किनारा सावरेल यावर माझा विश्वास नाही. हौसेने लावलेली सुरूची झाडेसुद्धा कासवांना अंडी घालण्यास लागणारी मोकळी वाळू अडवून बसतात. कायद्याचे म्हणाल तर १९९१ साली केंद्र सरकारने भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या पट्ट्यावर निर्बंध घातले. परंतु २०१९ च्या नियमांत दाट वस्तीच्या ग्रामीण भागातील, २०० मीटरपर्यंत मोकळा ठेवावयाचा पट्टा ५० मीटरवर आला. कायदा असा मागेपुढे सरतो. समुद्र सरतो तो फक्त पुढे.

याउलट रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गाव पाहा. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ पासून तेथे कासवांच्या रक्षणाचे काम मांडले. पूर्वी ही अंडी माणसे खात व विकीत, कोल्हीकुत्री उकरीत. आता गावचीच माणसे हंगामात पहाटे किनारा पायांखाली घालतात, घरटे सापडताच अंडी कुंपणाच्या आत हलवितात, आणि सुमारे पन्नास दिवसांनी पिले बाहेर आली की त्यांना लाटांपर्यंत पोहोचवितात. पाहुणे येतात, ते गावातच उतरतात. घरोघरी चार पैसे येतात. काम कोणाचे, हे तेथे ठरलेले आहे. खाजनात नेमके तेच हरवले.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्याकडे राहून करण्यासारखे अगदीच काही नाही असे समजू नका. खानापूरच्या ओढ्यात टाकलेली पिशवी पावसाळ्यात कोणत्या मुळांत जाऊन अडकते, हे आता तुम्हांला सांगावयास नको. आणि शाळेची सहल पुढच्या वेळी गोव्यास निघेल तेव्हा पणजीच्या बाजारातील अर्धा दिवस कमी करून रायबंदरहून फेरीने चोडणला जाऊ या, अशी माझी सूचना आहे. बांधावरून चालावे, मानस उघडझाप करताना पाहावी, आणि तेथे जो कोणी भेटेल त्यास विचारावे : “काका, हा बांध गेल्या वर्षी कोणी बांधला?”