पिशवी काढायची तारीख घेण्याआधी

दसरा-दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. वर्षभर अंगावर काढलेलं दुखणं निघण्याआधी दाखवून घ्यावं म्हणून गावोगावच्या बायका आत्ता दवाखाने गाठत आहेत. त्यातल्या काही जणी गर्भपिशवी काढायची तारीख घेऊनच बाहेर पडतील. म्हणून ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येक ताईला, तिच्या नवऱ्याला आणि सासूला माझी कळकळीची विनंती आहे की, तारीख घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

बीड जिल्ह्यात काय झालं ते आपण पाहिलं आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. चाळिशीच्या आतल्या त्यात पुष्कळ होत्या. खाडा पडला की कापले जाणारे पैसे, फडावर ना संडास ना पुरेसं पाणी, कोवळ्या वयातली लग्नं, लागोपाठची बाळंतपणं आणि पैशासाठी घाई करणारे काही दवाखाने, ही सगळी त्यामागची कारणं. दोष त्या बायकांचा मुळीच नाही. पण ‘डॉक्टर म्हणाले काढावी लागेल, नाहीतर कॅन्सर होईल’ एवढ्या एका वाक्यावर मुकादमाकडून उचल वाढवून घेऊन ऑपरेशनं झाली, आणि मधे एकही प्रश्न विचारला गेला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, पाळीत जास्त जाणं यावर बहुतेक वेळा औषधोपचार असतात. पिशवीतली प्रत्येक गाठ काढावी लागत नाही. कॅन्सरचं निदान तोंडी होत नसतं. तुकडा काढून तपासतात, त्याचा लेखी रिपोर्ट येतो. ‘कॅन्सर’ हा शब्द कानावर पडला तर ‘रिपोर्ट दाखवा’ एवढं म्हणाच. पिशवीबरोबर अंडाशयही काढणार का, हे तर विचारायलाच हवं. दोन्ही अंडाशयं गेली की पाळी जाण्याचे सगळे त्रास तिशी-पस्तिशीतच सुरू होतात आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात. त्यानंतर डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढायचं कसं, याचा विचार ऑपरेशनआधीच व्हायला हवा.

ऑपरेशनची खरी गरज असणाऱ्याही बायका असतात. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त गेलं किंवा रक्त थांबतच नसेल, तर एक दिवसही थांबू नका.

भीती वाटते, मान्य आहे. डॉक्टर चिडतील, मागे रांग आहे, पुरुष डॉक्टरांसमोर जीभ उचलत नाही, आणि बोलायला लागलं तर नवराच उत्तर देतो. यावर मला उपयोगी वाटलेले उपाय साधे आहेत. शाळेत जाणाऱ्या लेकीकडून आदल्या रात्री तीन प्रश्न कागदावर लिहून घ्या: मला नेमकं काय झालंय, औषधाने बरं होईल का, आणि ऑपरेशन आत्ता नाही केलं तर काय होईल. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणा, ‘डॉक्टर, मला तीन गोष्टी विचारायच्यात.’ तपासणी झाल्यावर उठायची घाई होते, तेव्हा सुचत नाही. वाचता येत नसेल तर कागद सरळ डॉक्टरांच्या हातात द्या. त्यांनी सांगितलेलं आपल्या शब्दांत परत बोलून दाखवा. समजलं नसेल तर तिथेच कळतं. आशाताईंना सोबत न्या. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर बाईमाणूस हजर असावं, असं मागता येतं. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हाही तुमचा हक्क आहे. त्यासाठी केसपेपर आणि रिपोर्ट मागा. मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात, असं डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत लिहिलेलं आहे.

डॉक्टरांनाही हात जोडून सांगते. समोरची बाई गप्प आहे म्हणजे तिला पटलंय असं धरू नका. ‘काही विचारायचंय का?’ असं तुम्हीच आधी म्हणा आणि क्षणभर थांबा.

आणि तो संमतीचा कागद. २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, तपासणीसाठी दिलेली संमती पिशवी काढायला चालत नाही. रुग्णाला नीट समजावून मग ती घ्यावी लागते. बीडमध्ये तर २०१९ साली खासगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट घातली गेली. ती घेतली का, तेही विचारा. ज्यांना या महिन्यातली तारीख मिळाली आहे त्यांनी सगळी फाईल घेऊन आधी जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. कागद मराठीत वाचून दाखवल्याशिवाय, आणि त्यात काय काय काढणार ते लिहिलेलं कळल्याशिवाय, त्यावर सही किंवा अंगठा करू नका.