सातारच्या पाच हजारांचा हिशेब

2007 साली सातारा जिल्हा परिषदेने एक योजना काढली. लग्नानंतर दोन वर्षे पाळणा लांबवणाऱ्या जोडप्याला 5,000 रुपये, तीन वर्षे लांबवला तर 7,500. ‘हनिमून पॅकेज’ या नावाने ती गाजली, टवाळीचाही विषय झाली आणि 2010 मध्ये थेट ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये झळकली. कोवळ्या वयातली बाळंतपणे टाळावीत, हा हेतू सरळ होता. कल्पनाही जिल्ह्यातल्याच माणसांची, दिल्लीहून आलेली नव्हे.

पण एक प्रश्न तेव्हाही उरत होता. ज्यांनी पैसे घेतले, ती जोडपी पैशांमुळे थांबली की एरवीही थांबलीच असती? पाटण-जावळीतला मुलगा मुंबईत माथाडीच्या कामावर आणि सून गावी, असे कितीतरी संसार या जिल्ह्यात आहेत. तिथे पाळणा लांबतो तो अनुदानामुळे की एसटीच्या अंतरामुळे, हे लाभार्थ्यांच्या यादीवरून कळत नाही. यादीवरून चेक किती निघाले एवढेच कळते.

मेक्सिकोने 1997 मध्ये ‘प्रोग्रेसा’ ही योजना सुरू करताना मूल्यमापनासाठी 506 गावे निवडली. त्यांतल्या 320 गावांत पैसे आधी दिले, 186 गावांत नंतर, आणि मधल्या काळात दोन्हीकडची मुले, शाळा, दवाखाने मोजत राहिले. सरकार बदलले, योजनेचे नावही बदलले, तरी योजना वीसेक वर्षे टिकली, कारण तिच्या बाजूने आकडे बोलत होते. आपल्याकडे अधिकारी बदलला की योजनेची फाईल कपाटात जाते.

साताऱ्यात पैसा होता, कल्पना होती, राबवणारे हात होते. नव्हता तो पहिल्या दिवसापासून मोजणी मांडून बसणारा माणूस. असा माणूस घडवणे हे आरोग्यसेवेवरच्या संशोधनासाठी दिल्या जाणाऱ्या फेलोशिपचे काम. औषध कोणते द्यावे, हे बहुतेक वेळा ठाऊक असते. ते सांगलीतल्या आटपाडीच्या वस्तीवर वेळेत का पोचत नाही, हा संशोधनाचा विषय आहे, हे मात्र अजून आपल्या गळी उतरलेले नाही.

गडचिरोलीत ते उतरले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1984 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि ‘सर्च’ ही संस्था उभी केली. 39 गावांत गावच्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवले. झोळीच्या काट्यावर बाळाचे वजन करायचे, ताप बघायचा, मिनिटाला श्वास किती ते मोजायचे. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर धोका. नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी 62 वरून 25 च्या आसपास आले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापले. 2011 मध्ये देशभरातल्या आशांच्या कामात या घरभेटी आल्या. मधली बारा वर्षे का लागली, हाही एखाद्या फेलोने घ्यावा असा विषय आहे.

प्रत्येकाने बंग व्हावे, अशी अपेक्षा अर्थातच करता येत नाही. म्हणूनच 2009 मध्ये ‘द युनियन’ ही क्षयरोगावर काम करणारी आंतरराष्ट्रीय संघटना आणि ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’ यांनी सुरू केलेला अभ्यासक्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आरोग्य कार्यक्रमांत राबणाऱ्या डॉक्टरांनी आपल्याच कामातला प्रश्न घेऊन यायचा, असलेल्या नोंदी तपासायच्या आणि निबंध लिहून पाठवायचा. मुदत चुकली की नाव कापले. भारतात क्षयरोग कार्यक्रमातल्या अनेकांनी असे प्रशिक्षण घेतले. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. पीएचसीतली रजिस्टरे आणि ती वाचायची शिस्त एवढे भांडवल पुरते.

सांगली-साताऱ्यात प्रश्नांना तोटा नाही. ऊसतोडीचाच घ्या. दसऱ्याच्या सुमारास बीडमध्ये जन्मलेले बाळ दिवाळीनंतर आईबरोबर वाळव्याच्या नाहीतर कराडच्या फडावर येते. त्याच्या लसी सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला, म्हणजे तिन्ही ऐन गळीत हंगामात. गावाकडच्या आशाच्या यादीत बाळाचे नाव आहे, पण बाळ नाही. इकडच्या आशाच्या हद्दीत, तोडकऱ्यांच्या कोपीत बाळ आहे, पण तिच्या यादीत नाव नाही. सत्र भरते दिवसा, तेव्हा आई फडात असते. शिवाय टोळी फड बदलत राहते. काही कारखान्यांच्या तळांवर सत्र संध्याकाळी घ्यावे, काहींवर आहे तसेच चालू द्यावे, आणि हंगाम संपताना दोन्हीकडची कार्डे मोजावीत. एक फेलो, एक हंगाम. परदेशी तज्ज्ञ आणण्याइतके हे अवघड नाही. आतापर्यंत हे सर्वत्र का झाले नसावे, याचे उत्तर बहुधा इतकेच, की ते कुणाच्या कामाच्या यादीत नाही.

जत तालुक्याच्या पूर्वेला कानडी बोलणारी गावे आहेत. आरोग्याची भित्तिपत्रके मराठीत. कोयनेच्या फुगवट्यापलीकडच्या गावांना दवाखाना गाठायला लाँच लागते. या दोन्ही ठिकाणी एकच राज्यस्तरीय फर्मान उपयोगी पडणार नाही, हे मंत्रालयालाही कळते, फक्त फर्मान निघताना विसरले जाते.

मोजायची सवय इथे नाही, असेही नाही. 23 मार्च 2020 ला इस्लामपुरात सौदीहून परतलेल्या एकाच कुटुंबातले चौघे करोनाबाधित निघाले. आकडा दोन डझनांवर गेला, तेव्हा घरोघर फिरून, संपर्क शोधून साखळी तोडली ती इथल्याच यंत्रणेने. त्याआधी, 1970 च्या दशकात, डॉ. एरिक राम यांच्या पुढाकाराने मिरज मेडिकल सेंटरने सरकारी आरोग्य केंद्रांच्या बरोबरीने एकात्मिक आरोग्यसेवेचा प्रकल्प चालवला होता. 1894 मध्ये डॉ. वानलेस यांनी इस्पितळ उघडलेल्या गावाला तो शोभणाराही होता.

‘आधी डॉक्टर भरा, मग संशोधक,’ हा आक्षेप ठरलेला आहे आणि तो खोटाही नाही. रिकाम्या खुर्च्या फेलोशिपने भरत नाहीत. पण भरलेल्या खुर्चीतला मेडिकल ऑफिसर दिवसाचा बराच वेळ ऑनलाइन माहिती भरण्यात घालवतो आणि ती माहिती वर जाते ती परत येतच नाही. त्याला त्याच आकड्यांतून स्वतःच्या केंद्राचे उत्तर काढता यावे, ही मागणी चैनीची म्हणता येणार नाही.

मोठ्या फेलोशिप आहेतच. वेलकम ट्रस्ट आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या भागीदारीतून 2008 पासून चांगले संशोधक घडले. पण अशा फेलोशिपचा पत्ता सहसा महानगरातल्या नामांकित संस्थेचा असतो. तो जिल्हा परिषदेचा असायला हवा. फेलो जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या शेजारी बसावा, प्रश्न जिल्ह्याने द्यावा आणि अहवाल आधी मराठीत, सर्वसाधारण सभेपुढे यावा. सदस्य अवघड प्रश्न विचारतील, विचारू द्यावेत.

त्यासाठी नवे काही उभारण्याचीही गरज नाही. एमडी-एमएस करणाऱ्यांना आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढणे सक्तीचे आहे. मिरज आणि कराडच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून दरवर्षी निवासी डॉक्टर बाहेर पडतात आणि बहुतेकांचे ते तीन महिने वॉर्डातल्या कामातच सरतात. त्यांतल्या पाच-सहा जणांना दिवाळीच्या आधी निवडावे, आठवडाभर नोंदी वाचायला आणि तुलना मांडायला शिकवावे, थोडे मानधन नि प्रवासखर्च द्यावा आणि कारखान्याचा भोंगा वाजायच्या आत ऊसतोडीच्या तळांवर पाठवावे.