पोटगी थकली, तर पासपोर्ट अडेल का?

आखाती देशात कामाला जायचं असो की हजला, पासपोर्टशिवाय गाडी पुढं सरकत नाही. अशा वेळी हिमायतनगर भागातल्या गावांत एक प्रश्न निघतो: लेकरांची पोटगी न देता बाप परदेशी निघाला, तर त्याला अडवता येतं का?

नुसत्या थकबाकीनं अडवता येत नाही. अमेरिकेत लेकरांच्या पोटगीची थकबाकी २५०० डॉलरच्या वर गेली की पासपोर्ट नाकारतात. आपल्या १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात असं कलम नाही. मात्र कोर्टानं हजर राहण्याचं समन्स किंवा अटकेचं वॉरंट काढलं असेल, तर कलम ६ प्रमाणे पासपोर्ट नाकारला जातो. कलम १० प्रमाणे हातातला पासपोर्टही जप्त होऊ शकतो. म्हणजे खरा कागद पोटगीचा हुकूम नव्हे, वॉरंट.

इथंच आपल्या लेकीबाळी मागं पडतात. हुकूम मिळाला, काम झालं, असं वाटतं. दोन-चार महिने पैसे येतात, मग बंद. सुगी झाली की देईल, म्हणत वर्ष जातं. पूर्वीच्या कलम १२५ च्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं, नियम तोच. रक्कम देणं झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. वसुलीचं वॉरंट बजावूनही पैसे दिले नाहीत, तर दर महिन्याच्या थकबाकीला एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मुस्लिम बापही लेकरांच्या पोटगीतून सुटत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९९७ मध्येच सांगितलं आहे.

नवरा तारखेला येतच नसेल, तर वकिलामार्फत अटकेचं वॉरंट मागा. त्याची प्रत जोडून पासपोर्ट अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या. पासपोर्ट जप्तीचा अधिकार पोलिसांना नाही, पासपोर्ट अधिकाऱ्यालाच आहे, असा २००८ चा निकाल आहे.

आता बापांनाही सांगणं आहे. फॉर्मवर समन्स-वॉरंट लपवू नका. खोट्या माहितीला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पोलीस पाटलांनीही चौकशीत खरं तेच सांगावं. पासपोर्ट अडवून लेकराचं पोट भरत नाही, हेही खरं. म्हणून आधी थकबाकी कोर्टात भरा, वॉरंट रद्द करून घ्या, मग खुशाल कमवायला जा.