यंत्र आणि यतना : वारंवार बंद पडणारा ॲम्प्लिफायर



घरातील तरुण मुलाने गाडीच्या डिकीत सबवूफर बसवून घेतलेला असतो. पहिले काही दिवस सर्व सुरळीत चालते. पुढे एके दिवशी गाण्याचा आवाज वाढवताच बेस नाहीसा होतो, दोन मिनिटांनी परत येतो, पुन्हा जातो. दुकानदार सांगतो, ‘ॲम्प्लिफायर गेला, नवा घ्या.’ दुसरा एखादा त्याहून स्वस्त उपाय सुचवितो, तो म्हणजे मोठा फ्यूज टाकण्याचा. पहिल्या सल्ल्याने पैसे वाया जाण्याचा संभव असतो. दुसऱ्याने गाडीला आग लागण्याचा. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

ॲम्प्लिफायर स्वतःहून बंद होतो तो बहुधा बिघडल्यामुळे नव्हे, तर बिघडू नये म्हणून. त्याच्या आत संरक्षणाची व्यवस्था असते. येणारा दाब फार उतरला, यंत्र फार तापले, अथवा स्पीकरच्या बाजूने मर्यादेबाहेर प्रवाह ओढला जाऊ लागला, की ही व्यवस्था त्याला थांबविते. अशा वेळी बहुतेक ॲम्प्लिफायरवर ‘प्रोटेक्ट’चा तांबडा दिवा लागतो. प्रथम हा दिवाच पाहावा. तांबडा दिवा लागला असेल तर यंत्राने संरक्षणासाठी काम थांबविले आहे. कोणताच दिवा नसेल तर यंत्रापर्यंत वीजच पोहोचत नाही. मग फ्यूज, मुख्य वायर, आणि म्युझिक सिस्टीमकडून ‘चालू हो’ असा इशारा आणणारी बारीक ‘रिमोट’ वायर, या तिघांत दोष शोधावा. रिमोट वायर नुसती पीळ देऊन टेपने गुंडाळलेली असते, खड्ड्यातून गाडी गेली की तिचा संपर्क सुटतो, आणि तेवढ्यासाठी नवे यंत्र विकले जाते.

दुसरी खूण वेळेची. चालू करताक्षणी बंद पडणे, बेसच्या जोरदार ठोक्यावर बंद पडणे आणि अर्ध्या तासाने बंद पडणे, ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत. दुरुस्तीला जाण्यापूर्वी यांपैकी कोणते आपले आहे हे लिहून ठेवावे. वैद्याकडे जाताना ताप केव्हा चढतो हे सांगावे लागते, तसेच हे.

ठोक्यावर बंद पडण्याचे दुखणे सर्वांत अधिक आढळते, आणि त्याचे मूळ सहसा ॲम्प्लिफायरच्या बाहेर असते. आपण हिशेबी माणसे, तेव्हा हिशेबच मांडू. 500 वॅट खऱ्या क्षमतेचा ‘क्लास डी’ ॲम्प्लिफायर सुमारे 80 टक्के कार्यक्षम धरला तर पूर्ण जोरात त्याला बॅटरीकडून 625 वॅट लागतात. चालू गाडीत दाब 13.8 व्होल्टच्या आसपास असतो; म्हणजे प्रवाह झाला सुमारे 45 अँपिअर. घरातल्या प्लगच्या वायरीतून एवढा प्रवाह कोणी नेणार नाही. गाडीत मात्र बोटाएवढ्या वायरीऐवजी पेन्सिलीएवढी वायर खुशाल ओढलेली दिसते. 5 मीटर लांबीच्या 8 गेज शुद्ध तांब्याच्या वायरीत 45 अँपिअरला जवळजवळ अर्धा व्होल्ट गळतो. 4 गेजमध्ये 0.2 व्होल्टहून कमी. बाजारातील स्वस्त संचांत तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असते, त्यात ही गळती सुमारे दीडपट होते. वायरीवरचे जाड प्लॅस्टिक पाहून आतील धातूचा अंदाज करू नये. टोक खरवडावे, आत रुपेरी दिसले तर तांब्याचा भाव देऊ नये.

याहून मोठी गळती बहुधा परतीच्या वाटेवर असते. बॅटरीतून निघालेला सगळा प्रवाह गाडीच्या पत्र्यातून परत जातो. ज्या बोल्टखाली ही अर्थची वायर कसलेली असते त्याखाली रंग, गंज किंवा कार्पेटचा गोंद असेल तर वाट अडते. एका स्नेह्यांच्या गाडीत इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.9 व्होल्ट होते आणि ॲम्प्लिफायरच्या टोकांवर बेस वाजताना 11.2. धन बाजूच्या वायरीत अर्धा व्होल्ट गेला होता, बाकीचे 2.2 व्होल्ट केवळ अर्थच्या जोडणीत. मल्टिमीटर संथ असतो, तो सरासरी दाखवितो. प्रत्यक्ष ठोक्याच्या क्षणी दाब त्याहून खाली जातो आणि यंत्र थांबते. 40 अँपिअर प्रवाहाला 2.2 व्होल्टची गळती म्हणजे त्या एका बोल्टपाशी 88 वॅट, 25 वॅटच्या तीन सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता, तीही कार्पेटखाली. तेथे नवा ॲम्प्लिफायर आणला असता तर तोही असाच बंद पडला असता. रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा उघडा केला, नवे टर्मिनल घट्ट कसले, वरून गंजरोधक लावले, एवढ्यावर काम भागले.

ही तपासणी घरीही होते. साधा मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवावा. एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलला, दुसरे ॲम्प्लिफायरच्या अर्थच्या स्क्रूला लावावे. त्यासाठी लांब वायर जोडून घ्यावी लागते. इंजिन चालू ठेवून बेस असलेले गाणे लावावे. भजन असो वा चित्रपटगीत, यंत्राला भेद कळत नाही. आकडा 0.1–0.2 व्होल्टच्या आत राहिला तर अर्थ निर्दोष. त्याहून अधिक आला तर दोष त्याच वाटेवर आहे. तेच धन बाजूला करावे, पण तेथे धातूच्या हत्याराचा स्पर्श पत्र्याला होऊ देऊ नये. अर्थसाठी सीटबेल्टचा बोल्ट कदापि वापरू नये; तो माणसाचा जीव राखण्यासाठी आहे.

आता चालू करताक्षणी बंद पडण्याचे दुखणे. बॅटरीचे ऋण टर्मिनल आधी सोडवून मग ॲम्प्लिफायरकडून स्पीकरकडे जाणाऱ्या वायरी काढाव्यात, आणि पुन्हा जोडून यंत्र चालू करावे. तांबडा दिवा गेला तर दोष स्पीकरकडे: कोठेतरी वायरीचे कवच पत्र्याच्या धारेवर कापले गेले आहे, किंवा सबवूफरची कॉइल जळाली आहे. मल्टिमीटर ओहमवर ठेवून सबवूफरची टोके तपासावीत. 4 ओहमची कॉइल साधारणतः 4 पेक्षा थोडे कमी, 3.2 ते 3.8 च्या आसपास दाखविते. शून्याजवळचा आकडा आला तर कॉइल शॉर्ट आहे. सर्व वायरी काढूनही दिवा तसाच राहिला, केवळ धन, अर्थ आणि रिमोट एवढेच जोडलेले असताना, तर मात्र बिघाड यंत्राच्या आत आहे. तेथे कुशल कारागिराकडेच जावे.

कॉइलच्या जोडणीत आणखी एक फसगत आहे. अनेक सबवूफरमध्ये 4 ओहमच्या दोन कॉइल असतात. त्या एकामागून एक जोडल्या तर 8 ओहम, समांतर जोडल्या तर 2 ओहम. असे दोन सबवूफर समांतर जोडले की भार 1 ओहमवर येतो. ॲम्प्लिफायरचे दोन चॅनेल एकत्र करून वापरताना पुष्कळांची किमान मर्यादा 4 ओहम असते. 2 ओहम जोडून आवाज मोठा येतो खरा. पण यंत्र तापते आणि थांबते. पुस्तिकेतील ‘किमान भार’ ही ओळ खरेदीपूर्वीच वाचावी.

अर्ध्या तासाने बंद पडणाऱ्याला बहुतेक वेळा हवा हवी असते. सीटखाली कार्पेटने झाकलेला, अथवा सबवूफरच्या पेटीवरच पाठ टेकून बसविलेला ॲम्प्लिफायर सोलापूरच्या वैशाखात तापला नाही तरच नवल. भोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी. ‘गेन’चे बटण आवाज वाढविण्यासाठी नसते. म्युझिक सिस्टीमच्या इशाऱ्याची पातळी यंत्राशी जुळविणे हे त्याचे काम आहे. ते शेवटपर्यंत फिरविले की ध्वनीलहरींचे माथे छाटले जातात, आणि यंत्र व कॉइल दोन्ही तापतात.

पेटीवर छापलेल्या आकड्यांविषयीही सांगायला हवे. ‘2000 वॅट’ लिहिलेल्या यंत्रावर 30 अँपिअरचे दोन फ्यूज असतील तर 60 गुणिले 14, म्हणजे तो सतत घेऊ शकेल असा भार सुमारे 840 वॅट. बाहेर येणारे त्याहून कमीच. आवक 840 आणि जावक 2000 असा रोजमेळ कोणत्याही पेढीवर जुळणार नाही. खरेदी करताना ‘आरएमएस’ आकडा विचारावा.

शेवटी फ्यूजविषयी. मुख्य फ्यूज ॲम्प्लिफायरसाठी नसून वायरीसाठी असतो. बॅटरीपासून डिकीपर्यंत जाणारी ही वायर इंजिन व केबिन यांच्यामधील पत्र्याच्या छिद्रातून जाते. तेथे रबरी ग्रोमेट नसेल तर थरथरीने कवच हळूहळू कापले जाते. ज्या दिवशी तांबे पत्र्याला टेकते त्या दिवशी बॅटरी शेकडो अँपिअर सोडते, आणि फ्यूज नसेल किंवा क्षमतेबाहेरचा असेल तर वायर निखाऱ्यासारखी तापते. तेव्हा गाडीत कोण बसलेले असेल, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत असावा आणि त्याची क्षमता वायरीला झेपेल एवढीच असावी. चांदीच्या कागदाने गुंडाळलेला फ्यूज हा आपल्याकडील गॅरेजांतला जुना रोग आहे. तो दिसला तर मुलाला न रागावता त्याच दिवशी बदलून घ्यावा. बाहेरून बसविलेली अशी साधने विमा पॉलिसीत वेगळी नोंदवावी लागतात, हेही नूतनीकरणाच्या वेळी पाहून घ्यावे.